तिनं चॅलेंज नाकारलं

नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात कुस्तीची निवड चाचणी होती. मुलींचा ५३ किलो गट. माझ्याकडे शिकणारी पोरगी लाल कॉर्नरला, ३-२ ने पुढे, वीसेक सेकंद बाकी. समोरचीनं काखांतून हात घालून तिला कडेपर्यंत रेटत नेलं आणि पाय बाहेर गेला म्हणून फलकावर निळ्याला एक गुण लागला. ३-३.

फ्रीस्टाइलमध्ये कुस्ती बरोबरीत सुटत नाही. दोघींचा दोन-दोन गुणांचा एकेक डाव झालेला, ताकीद कोणालाच नाही. अशा वेळी शेवटचा गुण जिचा, तिची कुस्ती. म्हणजे फलक बरोबरीचा दिसत असला तरी आम्ही हरत होतो.

गुण लागल्यापासून पाच सेकंदांत कोचला चॅलेंजचा, म्हणजे तो गुण व्हिडिओवर तपासायला लावायचा, ठोकळा मॅटवर टाकता येतो. पाय आत होता की बाहेर, मला दिसलं नव्हतं. मध्ये रेफरी उभा होता. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण, ३-४. पण तसंही आम्हाला एक गुण काढावाच लागणार होता, आणि ४-४ झाले तर शेवटचा गुण आमचा. शिवाय पंच व्हिडिओ बघेपर्यंत पोरीला दम घ्यायला मिळतो. सहाव्या मिनिटाला तेवढा दम एखाद्या डावाच्या मोलाचा असतो. मी ठोकळा टाकला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रेफरीकडे पाहून सरळ मान हलवली. नको.

कोचचं चॅलेंज नाकारायचा हक्क नियमानं कुस्तीगिराला दिलेला आहे. मी स्वतः तो वर्गात शिकवतो. ठोकळा माझ्याकडे परत आला, शिट्टी वाजली, ती दुहेरी पटात, म्हणजे दोन्ही पाय धरायला, शिरली. समोरचीनं पाय मागे फेकून सगळा भार तिच्या मानेवर टाकला आणि वेळ संपली.

तिचे बाबा उमरेडहून हातचं काम सोडून आले होते. "सर, तुम्ही तर टाकलं होतं ना? मग पोट्टीनं काहून नाही म्हटलं?" मला उत्तर देता आलं नाही. शेजारच्या कॉर्नरचे एक कोच म्हणाले, पोरगी डोक्यावर बसली तुमच्या, कोचचा शब्द मोडते म्हणजे काय. हे गृहस्थ आपल्या पोरांना वजनाच्या आदल्या दिवशी पाण्याचा थेंब घेऊ देत नाहीत, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. त्यांच्याकडून शिस्तीचे धडे मला नकोत.

तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाय गेला होता ना सर. तळव्याला समजलं."

हे तळव्याचं शिक्षण माझं आहे, म्हणून गोष्ट डोक्यातून जात नाही. मी नागपूरच्या महाल भागातल्या तालमीत, मातीत वाढलो. मातीत पाठ लागली की निकाल. कडेला कोण विचारतं? मॅटवर आलो तेव्हा ताकदीनं माझ्याहून कमी असलेल्या पोरांनी मला नुसतं बाहेर ढकलून हरवलं. खाशाबा जाधवांनासुद्धा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवी होती, तिथे ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. मला राष्ट्रीय सुवर्ण मिळालं ते कड शिकल्यावर. आणि आपल्या विदर्भातल्या कितीतरी पोरांचा पाय अजूनही मॅटला पहिल्यांदा लागतो तो थेट स्पर्धेच्या दिवशी. माती आपली आहे, मला ती प्रिय आहे, पण पदकं मॅटवर मिळतात हे सांगून माझा घसा सुकला.

म्हणून माझ्याकडे कडेचा वेगळा सराव असतो. कुस्तीचं वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं, त्याच्या आतल्या कडेला एक मीटरचा नारिंगी पट्टा. पट्ट्यापलीकडे पाय टेकला की गुण गेला. पट्ट्याच्या बाहेरच्या रेषेवर मी चिकटपट्टीखाली सुतळी लावतो, पोरांच्या डोळ्यांवर फडकं बांधतो आणि जोडीदाराला रेटायला सांगतो. आधी अनवाणी, मग जोडे घालून, शेवटी सुतळी काढून. मध्येच ओरडतो, "टाच कुठे?" बाकीची पोरं अंदाज सांगतात. ही सांगते, "बोटं आत, टाच बाहेर," आणि फडकं सोडून पाहावं तर तसंच.

चॅलेंज टाकणं लबाडी नाही, यावर मी आजही ठाम आहे. २०१६ ला रिओत साक्षी मलिक ०-५ ने मागे होती. शेवटच्या सेकंदांत तिनं कुस्ती फिरवली, समोरच्या कॉर्नरनं चॅलेंज टाकलं, ते फसलं आणि आणखी एक गुण मिळून निकाल ८-५ लागला. त्या कोचला कोणी खोटारडा म्हटलं नाही. पंच माणूस आहे, चुकतो. त्यासाठीच कॅमेरा आहे. पण मला पाय दिसला नव्हता आणि तिला तो कळला होता, हा फरक त्या पाच सेकंदांच्या हिशेबात मी धरलेलाच नव्हता.

पुढच्या सोमवारी सरावाला आल्यावर मी तिला समजावलं, की बेटा, पाय गेला असेल तरी दम घेण्यासाठी चॅलेंज घेता येतं, नियमात बसतं. ती म्हणाली, "मग पंच मला विचारतील तेव्हा मी काय सांगू सर?" पंच असं विचारत नाहीत, मी म्हटलं. त्यावर तिनं फडकं उचललं आणि जोडीदाराला हाक मारली.

तिच्या बाबांना मी फोन केला, पोरीला रागावू नका म्हणून. पुढच्या चाचणीला तिच्या कॉर्नरला मीच आहे. ठोकळा टाकायच्या आधी मी तिच्याकडे बघणार आहे, मग पाचातले दोन सेकंद त्यात गेले तरी चालतील.