कुसुंब लाल असतानाच जा

होळी झाली की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर शुकशुकाट होतो. "आता ऊन फार, जूनमध्ये बघू." मला हे कधीच पटलं नाही. आपल्याकडे वसंत येतो तो नेमका याच दिवसांत, आणि तो बघायला लांब कुठे जायला नको. बोरिवलीला पूर्वेकडे उतरायचं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, की संजय गांधी नॅशनल पार्कचं गेट.

यंदा बाबांना घेऊन गेले. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. चढायला हरकत नाही, पण दमानं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या रविवारी नुसती गांधी टेकडी केली. गेटपासून जवळ, चढ सोपा, वर स्मारक आणि भरपूर सावली. गुडघा कुरकुरला नाही, म्हणून पुढच्याच रविवारी पार्कातली कान्हेरी लेणी ठरवली.

गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत बस जाते. वाटेत रस्त्याकडेला एक कुसुंब दिसला आणि माझं बोलणंच थांबलं. आख्खं झाड लाल! फुलं नव्हेत, कोवळी पानं. बस वळणावर हळू झाली तेव्हा उन्हात त्या पानांमधून शिरा दिसत होत्या. पळस, पांगारा, काटेसावर सगळे ओळखतात, फोटोही काढतात. कुसुंबाची पालवी मात्र बरेचजण फुलं समजून पुढे जातात. पानझडीच्या जंगलातला वसंत असा पानांतून बघायचा असतो. खाली पाचोळा चुरचुरतोय, कांडोळाची पांढरीफटक खोडं अजून उघडीच आहेत, आणि मधूनच एखादं झाड असं पेटलेलं.

पायथ्याशी पाड्यावरच्या मावशी कैऱ्या घेऊन बसल्या होत्या. फोडींवर तिखट-मीठ घालून देताना म्हणाल्या, "माकडांकडे लक्ष ठेवा, पिशवी ओढतात." खरंच ओढतात. खाणं सॅकच्या तळाशी ठेवा.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या त्या दोन उंच बुद्धमूर्ती निवांत बघा, मग कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढत जा. पायऱ्या ठेंगण्या आहेत, त्यामुळे गुडघ्याला जड जात नाहीत. मधे मधे लेण्यांच्या ओसरीत टेकायला दगडी बाक आहेत. भिक्खूंसाठी कोरलेले बाक दोन हजार वर्षांनी बाबांच्या कामी आले. तिथे बसलं की समोर नुसतं जंगल दिसतं, आणि तांबटाची टुक-टुक सतत कानावर येत राहते.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते एका टाक्यापाशी. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले. याच जंगलातले विहार आणि तुळशी हे तलाव, एक १८६० सालचा, दुसरा १८७९ चा, त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. इथे कान्हेरीत भिक्खूंच्या राहण्याच्या जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत यावं म्हणून कातळात अरुंद पन्हळी खोदल्या आहेत. बाबा वाकून एका पन्हळीवरून बोट फिरवत गेले. मग बाटलीतलं घोटभर पाणी वरच्या टोकाला ओतलं. पाणी कुठे अडलं नाही, फुटलं नाही, सरळ टाक्याच्या तोंडाशी गेलं.

"उतार बघ," ते म्हणाले. "लेव्हल काढायला यांच्याकडे काय होतं सांग मला?"

मला सांगता आलं नाही. टाक्यात मार्च महिन्यातही पाणी होतं, गार आणि काळंशार. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि दान देणाऱ्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याची माणसं आहेत. बाबांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. पोढी.

त्यानंतर दोन आठवड्यांनी शिलोंढ्याची वाट केली. ही आपली आपण करायची नाही. निसर्ग माहिती केंद्रात परवानगी आणि सोबत वाटाड्या घ्यायचा. बिबट्याचं राज्य आहे, तिथे वाट सोडायची नाही आणि आवाज चढवायचा नाही, हे मला अगदी मान्य आहे. वाट बरीचशी सपाट, ओढ्याच्या कडेने जाणारी. पावसाळ्यात इथे गर्दी असते, पण मला ती या दिवसांतच जास्त आवडते. ओढा आटून नुसत्या डबक्यांपुरता उरतो आणि सगळे पक्षी तिथेच उतरतात. आम्ही पंधरा मिनिटं न हलता बसलो. स्वर्गीय नर्तकाचा नर आला, पाण्यावर झेप घेतली, फांदीवर बसून ती लांब पांढरी शेपटी झटकली, पुन्हा झेप. तीन वेळा. बाबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

जाणार असाल तर सोमवार टाळा, पार्क बंद असतो. पाणी माणशी दोन लिटर घ्या आणि ऊन चढायच्या आत वर पोचा.

आणि लवकर जा. परतताना त्याच कुसुंबाखाली थांबलो. लाल रंग जवळपास गेला होता, पानं तांबूस हिरवी झाली होती. फक्त शेंड्याकडे एक फांदी अजून लाल होती, ती बाबांनीच मला दाखवली.