वंशावळीत वडील सापडले, पण नावापुरतेच

2023 च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं प्रकरण जोरात होतं तेव्हा आमच्या विट्याकडं घरटी एकजण पणजोबाच्या मागं लागलेला होता. या नोंदी शोधायला सरकारनं नेमलेल्या शिंदे समितीमुळं जुनी दप्तरं बाहेर निघाली, कोतवाल बुकं, गाव नमुना 14 असली जन्म-मृत्यूची रजिस्टरं, आणि मोडी वाचणाऱ्यांना तर असा भाव आला की विचारू नका. मीपण लायनीत होतोच. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा कुणबी असल्याचा पुरावा शोधायचा आणि तिथून स्वतःपर्यंत वंशावळ जोडायची. आमच्यात पणजोबा मिळाला, त्याचा भाऊपण मिळाला, अडलं ते वडलांपाशी. जो माणूस घरात नव्हता तो कागदात तरी कुठनं असणार!

चुलते म्हणाले हेळव्याला विचार. हेळवी म्हणजे कर्नाटकाकडनं येणारी माणसं, सुगी झाली की गावोगाव फिरतात, कुठल्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, कुठनं आला, कुणाला किती पोरं, सगळं त्यांच्या वहीत असतं. पूर्वी बैलावर यायचे, आमचा आता मोटरसायकलवर येतो. सोप्यात बसून त्यानं सूर लावून पिढ्या वाचल्या, आणि वडलांच्या नावापुढं काय तर "गलाईला परमुलखात". बास, एवढंच.

आता गलाई आमच्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा, टेंभू सिंचन योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी इथली माणसं सोनं गाळायला देशभर गेली. वडील त्रिशूरला होते. यात्रेला यायचे, खाऊ आणायचे, मी चौथीत असताना यायचे बंद झाले ते झालेच. मी कॉलेजात असताना ते गेल्याचा फोन आला आणि आम्ही पोचेपर्यंत तिथल्या लोकांनी सगळं उरकलंपण होतं.

तर वही ऐकल्यावर मी त्रिशूरला गेलो. वडलांबरोबर काम केलेले एक काका अजून तिथं आहेत, पलीकडच्या गावचे. त्यांनी भट्टी दाखवली. सोन्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, मग तेजाबात उकळायचं, चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाला राहतं. त्याचा तांबूस धूर निघतो, तो छातीत गेला की माणूस हळूहळू आतनं खलास. पंखा होता, पण पूर्वी तोही नव्हता म्हणाले. वर माळा, तिथंच वडील झोपायचे.

आणि मग त्यांनी सांगितलं की वडलांच्या हाताखालचा एक पोरगा सोनाराचं सोनं घेऊन पळाला. या धंद्यात लिखापढी कमी, सगळं शब्दावर, त्यामुळं ते सोनं वडलांनी भरून द्यायचं कबूल केलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्यातच गेली. रिकाम्या हातानं गावाला कसं जायचं म्हणून नाही आले. गलाईवाला गावात आला की नवी गाडी, माडी, यात्रेला देणगी, हे आम्ही पण बघत आलोय, त्यामुळं मला ते पटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच पटलं, परत येताना रेल्वेत मी त्यांच्या बाजूनं आईला काय काय सांगायचं त्याची तयारीच करत होतो.

आई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "पैसं नव्हतं तर नव्हतं. तोंड दाखवायला काय पैसं पडत्यात?" मला उत्तर नाही आलं. मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, जेवायचं कसं करायचे तिथं. मी सांगितलं, हातानंच करायचे, तिकडं सगळा भात, म्हणून गावाकडनं येणाऱ्या कुणाकडनं तरी ज्वारीचं पीठ मागवायचे, फक्त आपल्या गावच्या माणसाकडनं नाही, उगं चर्चा नको म्हणून.

"म्हंजे पीठ मागवायला तोंड होतं," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.