पूर्ण थ्रॉटलला मान टाकणारे आउटबोर्ड : इंधनमार्गाच्या तपासणीची नोंद

सध्या हाती असलेले आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवायचे इंजिन, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचे आहे आणि ते नावेत ठेवलेल्या सुट्या टाकीवर चालते. त्याची तक्रार एकच आहे, पण ठरलेली आहे. थंड इंजिन लगेच सुरू होते, आयडलला (थ्रॉटल न देता, अगदी मंद) सुरळीत चालते आणि अर्ध्या थ्रॉटलपर्यंत कुरकुरही करत नाही. मात्र पूर्ण थ्रॉटल देऊन नाव पाण्यावर उचलली गेली की थोड्याच वेळात वेग ओसरू लागतो आणि शेवटी इंजिन मान टाकते. त्या वेळी सोबतच्या माणसाने प्रायमर बल्ब (इंधनाच्या नळीतला, पेट्रोल हाताने पुढे ढकलायचा रबरी फुगा) दाबत ठेवला, तर ते पुन्हा जोर धरते.

यातली शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे. हाताने ढकललेल्या पेट्रोलवर इंजिन सावरत असेल, तर ठिणगी, कॉम्प्रेशन आणि कार्ब्युरेटरचे मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) यांच्यावरचा संशय बराच कमी होतो, कारण जेटच तुंबले असते तर फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यात) पेट्रोल काठोकाठ असूनही काही फरक पडला नसता. पेट्रोलचा त्रास म्हटला की आपल्यापैकी बरेच जण आधी कार्ब्युरेटर खोलतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी खोलायचा भाग आहे, कारण खोलताना गॅस्केट फाटते, फ्लोटची उंची बदलते आणि मूळ दोषाला नव्या दोषांची सोबत मिळते.

तपासणीची दिशा ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवली. टाकीपासून इंजिनावरच्या पंपापर्यंत पेट्रोल ओढले जाते आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत ते ढकलले जाते. ढकलण्याच्या बाजूला फट असेल तर पेट्रोल गळते आणि वासानेच कळते. ओढीच्या बाजूच्या फटीतून मात्र इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, त्यामुळे वरून सगळे कोरडे आणि ठाकठीक दिसते. बल्ब ओढीच्या बाजूलाच मध्यावर बसलेला असल्याने त्याच्या अवस्थेवरून बरेच काही वाचता येते. इंजिन मरताना बल्ब चपटा झाला तर अडथळा बल्बच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला असतो: टाकीत हवा येऊ देणारा, पण बंद राहिलेला हवेचा स्क्रू, तुंबलेली जाळी किंवा नावेत पक्क्या बसवलेल्या टाकीवरची अडकलेली अँटी-सायफन झडप (नळी फुटली तरी टाकीतले पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी). बल्ब कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा बल्बमधल्या एकदिशा झडपा निकामी झाल्या आहेत. हे ठरवण्यापूर्वी बल्ब बाण वर करून उभा धरूनच दाबावा. आडव्या बल्बमध्ये झडपा नीट बसत नाहीत आणि चांगला बल्बही वाईट ठरतो.

आमचा बल्ब दाबल्यावर कडक होत होता आणि इंजिन मरतानाही गोल, भरलेला राहत होता. हवेचा स्क्रू उघडा होता, टाकीतली जाळी स्वच्छ होती. टाकी, बल्ब आणि नळी असा दुसऱ्या चालत्या नावेवरचा पूर्ण संच जोडल्यावर तक्रार नाहीशी झाली, म्हणजे पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही आरोपातून सुटले. त्यानंतर परकी टाकी तशीच ठेवून जुनी नळी परत लावली, तर दोष लगेच हजर झाला. भाग बदलून पाहण्याची ही पद्धत फार हुशारीची नाही, पण अर्धा इंधनमार्ग एका झटक्यात बाद करणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

एवढ्यावर नळी फेकून देता आली असती, पण तिला झाले आहे काय हे पाहायचे होते. पंपाच्या अगदी आधी टी-जोड घालून व्हॅक्यूम गेज बसवला आणि त्याच्या पुढे पारदर्शक नळीचा छोटा तुकडा लावला. ओढ किती उंचीचा पाऱ्याचा स्तंभ उचलू शकेल, त्या इंचांत ती मोजतात. पूर्ण थ्रॉटलला ती साधारणपणे ४ इंच पाऱ्याच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, आणि काही निर्माते त्याहूनही कमी, २.५ इंचांची मर्यादा सांगतात. पेट्रोल पाऱ्याहून कितीतरी हलके असल्यामुळे १ इंच पारा म्हणजे सुमारे १८ इंच उंचीचा पेट्रोलचा स्तंभ होतो. टाकी पंपापेक्षा दीड फूट खाली असेल तर जवळजवळ १ इंच ओढ पेट्रोल नुसते वर चढवण्यातच जाते. आयडलला काटा जेमतेम हलला. थ्रॉटल वाढवत गेल्यावर तो चढत गेला, ४ ओलांडून पुढे गेला आणि तिथेच इंजिन गळपटले. पारदर्शक तुकड्यात बुडबुडा मात्र एकही नव्हता. ओढ वाढते पण हवा येत नाही, म्हणजे फट नसून अडथळा आहे. आणि बल्ब चपटा होत नाही, म्हणजे तो अडथळा बल्ब आणि पंप यांच्या मधल्या नळीत आहे.

ही सर्व मोजमापे नाव भक्कम बांधून, गिअर टाकून, भाराखाली घेतली. कानाकृती फ्लशर (इंजिनाला थंड ठेवणारे पाणी नळावरून देणारे साधन) लावून जमिनीवर चालवलेल्या इंजिनाला भार नसतो, पेट्रोल थोडेच लागते आणि हा दोष दिसतच नाही. शिवाय तेल पेट्रोलमध्येच मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलबरोबरच येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडते तेव्हा वंगणही कमी पडते. इंजिन गळपटू लागताच थ्रॉटल खाली आणायचा, चाचणीच्या नादात ते तसेच रेटायचे नाही, नाहीतर पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होण्याची पाळी येते.

नळी उभी चिरल्यावर खरा प्रकार समोर आला. बाहेरचे रबर घट्ट, कुठे चीर नाही, छापलेली अक्षरेसुद्धा वाचता येत होती. आत मात्र कनेक्टरपासून वीतभर अंतरावर पातळ काळे अस्तर अर्ध्या परिघात सुटून आले होते आणि त्याची एक जीभ मार्गात लोंबत होती. काडीने उचलली तर ती भिंतीला चिकटून बसे, सोडली की परत खाली येई. बल्बने ढकललेले पेट्रोल तिला भिंतीवर दाबून वाट मोकळी करत होते. पंपाने जोरात ओढले की तीच जीभ आत खेचली जाऊन वाट बंद करत होती. नळीत फुंकर मारून ‘मोकळी आहे’ असा निर्वाळा देणे का धोक्याचे, हे इथे कळते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या प्रकारच्या नळ्यांचे अस्तर फुगवते आणि सोडवते. म्हणून नवी नळी इथेनॉल सोसणारी, सागरी वापरासाठीची आणि पूर्वीच्याच आतील व्यासाची घेतली.

सुटलेल्या अस्तराचे कण पुढे गेलेले असणार म्हणून पंपही उघडला. क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या पोकळीतील) दाबाच्या चढउतारावर त्याचा पडदा हलतो. पडद्याला छिद्र असते तर पेट्रोल पल्सच्या, म्हणजे तो दाब पंपाकडे आणणाऱ्या मार्गाने थेट क्रँककेसमध्ये जाऊन त्या सिलिंडरचा प्लग ओला झाला असता. तसे नव्हते, पण एका झडपेखाली काळा कण सापडला. पडदा, झडपा आणि गॅस्केट यांचा संच बदलला, इंजिनावरचा फिल्टरही नवा घातला.

आता पूर्ण थ्रॉटलला गेज २ इंचांच्या आसपास स्थिर राहतो आणि बल्बला हात लावावा लागत नाही. एक खोट शिल्लक आहे: आयडलवरून थ्रॉटल झटकन उघडला की खालच्या सिलिंडरची एक ठोकर चुकते. त्या सिलिंडरच्या कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहिले, तर तळाला पाणी नव्हते, पण काळी भुकटी होती, तेव्हा आयडलच्या बारीक मार्गात तीच अडकली असावी. गॅस्केट हाती आली की तेवढाच कार्ब्युरेटर खोलायचा, मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच टेकेपर्यंत किती फेरे आत जातो ते लिहून ठेवायचे, आणि जेटमध्ये तार न घालता क्लीनर व दाबाच्या हवेने मार्ग मोकळे करायचे, असे ठरवले आहे.