क्वालालंपूर, मलाका, सिंगापूर : पहिल्या परदेशवारीला निघणाऱ्यांसाठी

नोकरी लागल्यावर भाचीने परदेशवारीसाठी पैसे साठवले आणि माझ्यापुढे यादी ठेवली : बँकॉक, पट्टाया, क्वालालंपूर, सिंगापूर, बाली. सगळं आठवडाभरात. हा प्रवास नव्हे, ही विमानतळांची यात्रा झाली. मी एका अटीवर सोबत जायला तयार झाले. दोन मोठी शहरं, मधे एक छोटं, आणि तिन्ही जमिनीवरून जोडायची. मुंबईहून विमानाने क्वालालंपूरला उतरायचं, परतीचं विमान सिंगापूरहून धरायचं, मधलं सगळं बसने. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या, खिसा बेताचा असणाऱ्या कुणालाही मी आता हाच मार्ग सुचवीन. खर्च आटोक्यात राहतो, भाषेची अडचण जवळजवळ येत नाही आणि एका देशातून दुसऱ्यात जमिनीवरून जायचा अनुभव मिळतो.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मलेशियात सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतर जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी नियम बघून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावं लागतं. सिंगापूरचंही असंच कार्ड आहे. दोन्ही फुकट आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट्स वर येतात.

सिंगापूरला मात्र व्हिसा हवाच. तिथे ओळखीचं कुणी नसेल तर तो अधिकृत एजंटामार्फतच काढावा लागतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही. एजंटाचा आकार वेगळा, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा.

यात एक मेख आहे. मलेशियात शिरताना परतीचं किंवा पुढचं तिकीट विचारतात आणि तुमचं परतीचं विमान तर सिंगापूरहून असतं. म्हणून सिंगापूरचा व्हिसा, सिंगापूर-मुंबई तिकीट आणि हॉटेलांची बुकिंगं यांच्या प्रिंट एकत्र टाचून हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईच्या इमिग्रेशनवर भाचीला हेच विचारलं, एकटी तरुण मुलगी दिसली की जरा जास्तच विचारतात. कागद पुढे केले की संवाद मिनिटभरात संपतो. आणि ‘टुरिस्ट म्हणून जा, तिथे काम लावून देतो’ असं कुणी सांगत असेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

पैशांचं म्हणाल तर डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करावे लागतात, मुळात ते बंद असतात. हे घरीच करा, कारण तिथे ओटीपीसाठी भारतीय सिम चालू असेलच असं नाही. मलेशियाचा रिंगिट वीस रुपयांहून थोडा जास्त धरून चला, सिंगापूर डॉलर सत्तरच्या आसपास. दोन्हीकडे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट आहेत, त्यात आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत. अ‍ॅडॅप्टर इथूनच न्या.

क्वालालंपूरच्या विमानतळावरून शहरात यायला झकास रेल्वे आहे, अर्ध्या तासात केएल सेंट्रल. तिकीट ५५ रिंगिट. बस तासभर घेते, पण साधारण चौथ्या हिश्श्यात आणून सोडते. तरुण पाठीला बसच बरी. केएल सेंट्रल हे नाव लक्षात ठेवा, शहरातल्या बहुतेक रेल्वे तिथे मिळतात आणि शेजारीच ब्रिकफील्ड्स म्हणजे तिथलं लिटल इंडिया आहे. राहायला आम्ही तोच भाग निवडला. खोलीच्या भाड्यावर परदेशी पाहुण्यांना दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर पडतो. तो ऑनलाइन बुकिंगमध्ये दिसत नाही, काउंटरवर मागतात. फसवणूक समजून भांडू नका.

पेट्रोनासचे जुळे मनोरे पाहायला तिकिटाची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. ४५२ मीटरच्या त्या इमारती खालच्या बागेतून, अंधार पडल्यावर, गवतावर बसून जितक्या छान दिसतात तितक्या आतून दिसणारच नाहीत, कारण आत गेलं की त्याच दिसत नाहीत! तरीही वर जायचंच असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं.

बातू केव्ह्जला मात्र जाच. केएल सेंट्रलहून कोम्युटर गाडी थेट पायथ्याशी सोडते. मुरुगनचा ४२.७ मीटरचा सोनेरी पुतळा, त्याच्या बाजूने २७२ रंगीत पायऱ्या आणि वर चुनखडीची प्रचंड गुहा. सकाळी आठच्या आत पोहोचा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात. गुडघ्यांच्या वर जाणारे कपडे असतील तर पायथ्याशी लुंगीसारखं वस्त्र भाड्याने घ्यावं लागतं. आणि माकडं! त्यांना पिशवीची चेन उघडता येते. आमच्यापुढच्या एका बाईंच्या हातातलं नारळपाणी एकाने इतक्या शांतपणे काढून घेतलं की त्या क्षणभर रिकाम्या हाताकडेच बघत राहिल्या.

खाण्याबद्दल तरुण मंडळींना एकच सांगते, मॉल सोडा आणि मामाक गाठा. मामाक म्हणजे तमिळ मुस्लिमांची टपरीवजा हॉटेलं, बरीच रात्रभर उघडी असतात. तिथला रोटी चनाईवाला बघत उभं राहावं. तुपकट गोळा संगमरवरावर थापतो, दोन बोटांत धरून हवेत फिरवत पारदर्शक होईपर्यंत ताणतो, घड्या घालून तव्यावर टाकतो आणि भाजल्यावर दोन्ही तळव्यांत धरून चुरगाळतो. पदर सुटतात, वाफ येते, शेजारी डाळ. दोन-अडीच रिंगिटमध्ये नाश्ता. शाकाहारी असाल तर नासी लेमाकपासून जपा. भात नारळाच्या दुधातला, पण वर सुकी मासळी असते आणि चटणीत बेलाचान म्हणजे कोळंबीचा खार. भाज्यांतही तो खार असतो, म्हणून ‘नो मीट’ एवढं म्हणून भागत नाही, ‘नो फिश, नो बेलाचान’ म्हणा. चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी सगळ्यांत सुरक्षित. तिथे ताटात चिकन दिसलं तर घाबरू नका, ते सोयाचं असतं.

मलाक्याची बस टीबीएस नावाच्या भल्यामोठ्या बस टर्मिनसवरून सुटते. केएल सेंट्रलहून कोम्युटरने बंदर तासिक सेलातान स्टेशनला उतरायचं, पुलावरून आत. साधारण दोन तासांत मलाका सेंट्रल. तिथून गावाचा जुना भाग लांब आहे, पण ग्रॅब या अ‍ॅपवरची टॅक्सी स्वस्त पडते.

या सहलीतलं माझं आवडतं ठिकाण हेच, आणि पॅकेजवाले याला जेमतेम दुपार देतात. गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे १५११ मध्ये, आफोन्सो द अल्बुकर्कने मलाका जिंकलं. १६४१ मध्ये ते डचांकडे गेलं आणि १८२४ च्या तहाने कायमचं इंग्रजांकडे. पोर्तुगिजांच्या किल्ल्याचं आज एक प्रवेशद्वार तेवढं उभं आहे, बाकीचा इंग्रजांनी पाडून टाकला. त्या दारामागच्या टेकडीवर चढा. वर सेंट पॉल चर्च आहे, बिनछपराचं. आतल्या भिंतींना पुरुषभर उंचीच्या डच थडग्यांच्या शिळा टेकवून ठेवल्या आहेत, त्यांवर जहाजं, कवट्या आणि कुळांची चिन्हं कोरलेली.

मधे जमिनीत जाळी लावलेला एक खड्डा दिसतो. सेंट फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचं शव १५५३ मध्ये काही महिने इथे पुरलेलं होतं आणि मग गोव्याला नेलं. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये ज्यांच्या दर्शनाला रांगा लागतात ते हेच. चर्चबाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात तुटलेला. झाड पडून तुटला असं तिथे सांगतात. खऱ्या शवाचा उजवा हातही १६१४ मध्ये काढून रोमला पाठवला होता, हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, तू हे सगळं रात्री झोपताना सांगत जाऊ नकोस.”

खाली नदीपलीकडे जुन्या वस्तीत एकाच रस्त्यावर जेमतेम काही पावलांच्या अंतराने चेंग हून तेंगचं चिनी देऊळ, कांपुंग क्लिंग मशीद आणि १७८१ सालचं श्री पोय्याता विनायगर मंदिर आहे. मलेशियातल्या सगळ्यांत जुन्या हिंदू देवळांपैकी हे एक. ते मलाक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मूळ तमिळ वंशाच्या चिट्टी लोकांचं. घरात मलय बोलतात, पूजा शैव पद्धतीने. गाभाऱ्यात काळ्या दगडाचे गणपती. दुपारी देऊळ बंद असतं, सकाळीच जा.

जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार भरतो. त्याच दिवशी खोल्या महाग होतात आणि रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. एक रात्र शुक्रवारची घ्या आणि शनिवार उजाडायला जुन्या गल्ल्या पायी हिंडा, त्या वेळी तिथे तुम्ही आणि मांजरंच असता. कार्टूनच्या बाहुल्यांनी मढवलेल्या, ढाण ढाण गाणी वाजवणाऱ्या सायकल-रिक्षांत बसायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. बसण्याआधी भाडं मात्र ठरवाच.

आता सीमा. मलाक्याहून सिंगापूर बसने चार-पाच तास, पण नाक्यावर किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. शनिवार-रविवार, शाळांच्या सुट्ट्या आणि ईद किंवा चिनी नववर्षाच्या आसपास बिलकूल जाऊ नका. आम्ही मंगळवारी सकाळी निघालो आणि सुटलो. जोहोर बाहरूला मलेशियाचा नाका लागतो, बसमधून उतरायचं, शिक्का मारून पुन्हा बस. मग एक किलोमीटरभराचा समुद्रावरचा कॉजवे आणि वुडलँड्सला सिंगापूरचा नाका. काही बसगाड्या दुसऱ्या पुलावरून तुआसला जातात. सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान घेऊन उतरावं लागतं, तपासणी होते. उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. पलीकडे एकाच कंपनीच्या चार सारख्या बसगाड्या उभ्या असतात आणि उशीर झाला तर बस थांबेलच असं नाही. चालकाला विचारून ठेवा, पुढच्या बसमध्ये तेच तिकीट चालतं का.

सिंगापूरचे नियम थट्टेवारी नेऊ नका. ई-सिगारेट नेणं गुन्हा आहे, अगदी वापरासाठीसुद्धा. सिगारेटच्या पाकिटावरही सूट नाही, जवळ असेल तर सांगून कर भरायचा. च्युइंगम आणू नका. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड, पाण्याचा घोटही त्यातच आला.

मेट्रोसाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही. आपलं काँटॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं, परदेशी कार्डाला दिवसाला थोडा जादा आकार पडतो. बसमध्ये उतरतानाही कार्ड टेकवा, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. नळाचं पाणी बिनधास्त प्या आणि बाटली भरत राहा, बाहेरच्या पाण्याचा खर्च लक्षातही येत नाही इतका वाढतो.

हे शहर महाग आहे ते झोपण्यासाठी आणि दारूसाठी. जेवण हॉकर सेंटरमध्ये पाच-सात डॉलरांत होतं. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा, इडली, बिर्याणी सगळं मिळतं. रिकाम्या टेबलावर टिशूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजा. खाऊन झालं की ट्रे आपण उचलून ठेवायचा. इथे तो कायदाच आहे.

फुकटात बघण्यासारखं खूप आहे. गार्डन्स बाय द बेच्या उंच कृत्रिम झाडांचा प्रकाश-संगीताचा खेळ रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला, त्याला तिकीट नाही. झाडांखाली उताणं झोपून बघा. बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडतं, फक्त ऑर्किडच्या बागेला पैसे पडतात. सेंटोसाच्या थीम पार्कवर आम्ही काट मारली, त्या पैशांत हॉस्टेलच्या दोन रात्री निघतात.

एस्प्लनेड पार्कमधली एक छोटी जागा मात्र चुकवू नका. आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची पायाभरणी नेताजींनी जुलै १९४५ मध्ये तिथे केली होती. सप्टेंबरात इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडलं. १९९५ मध्ये सिंगापूरने त्या जागी खूण उभारली. शेजारच्याच पादांग मैदानावर १९४३ मध्ये ‘चलो दिल्ली’ची हाक दिली गेली आणि त्याच वर्षी झाशीच्या राणीचं नाव दिलेली स्त्रियांची पलटण या शहरात उभी राहिली. तीत रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुली पुष्कळ होत्या, ज्यांनी भारत कधी पाहिलेलाही नव्हता. मी तिथे वाचत बसले. भाची आधी कंटाळली आणि नंतर तिनेच फोन काढून त्या मुलींबद्दल शोधायला सुरुवात केली.

परतीच्या दिवशी चांगी विमानतळावर चार तास आधी जा. तिथल्या ज्यूल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, एकदा आत शिरलात की बाहेर येता येत नाही. टर्मिनल एक ते तीनमध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटपाशी होते, त्यामुळे आतल्या दुकानात घेतलेलं पाणीही गेटवर काढून घेतात. बाटली रिकामी न्या आणि तपासणीनंतर भरा. आणि उरलेली नाणी तिथल्याच खाऊवर संपवा, मुंबईत ती कुणी बदलून देत नाही.