आमची वाटचाल: ८७६० ओळी आणि एक निरभ्र दिवस

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा पार्टनर, दोन लॅपटॉप आणि काम एकच. सोलर प्लांट उभा राहायच्या आधी तो वर्षाला किती वीज देईल याचा सिम्युलेशन रिपोर्ट करून द्यायचा. पॅनल बसवणं, केबल ओढणं हे आम्ही कधीच केलं नाही. आमचा रिपोर्ट घेऊन कुणी कर्जासाठी जातं, कुणी त्यावरून ठरवतं की प्लांट करायचा की नाही, त्यामुळे त्यातला आकडा म्हणजे आपण दिलेला शब्द असं आम्ही पहिल्या दिवसापासून मानत आलोय.

पहिली दीड-दोन वर्षं सगळं लक्ष मॉड्युल म्हणजे पॅनल, इन्व्हर्टर (डीसी वीज एसी करणारं यंत्र), स्ट्रिंग (एका साखळीत जोडलेले पॅनल) आणि सावल्या यांच्यावरच असायचं. हवामानाचा डेटा म्हणजे काय तर नकाशावर लोकेशन निवडायचं, आमचं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पीव्हीसिस्ट आपोआप मेटिओनॉर्म या हवामानाच्या डेटाबेसचे आकडे आणतं, की पुढे चला. यात चुकीचं काही नाही, आजही बऱ्याच प्राथमिक रिपोर्टला आम्ही तेच वापरतो. पण एकदा एका क्लायंटने विचारलं की तुमच्या रिपोर्टमध्ये १९९० साल दिसतंय, इतका जुना डेटा का घेतला? आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग हेल्पची पानं वाचत बसलो आणि कळलं की महिन्याच्या सरासरीवरून तासातासाचा डेटा गणिताने रचला जातो, आणि जो डेटा कुठल्याही खऱ्या तारखेचा नाही त्याला हे सॉफ्टवेअर १९९० हे साल लावतं, तो फक्त एक संकेत आहे. म्हणजे त्या फाईलमधला १४ मार्च हा कुठल्याच वर्षीचा खरा १४ मार्च नाही. इतके दिवस ज्याच्यावर अख्खा रिपोर्ट उभा करत होतो ते आपण कधी उघडून बघितलंच नव्हतं हे त्या दिवशी फार लागलं मनाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहिल्यांदा बाहेरची फाईल इम्पोर्ट करायची वेळ आली. क्लायंटकडे उपग्रहावरून काढलेला तासातासाचा डेटा होता, सीएसव्ही फाईल, ८७६० ओळी म्हणजे वर्षातल्या प्रत्येक तासाची एक, आणि प्लांट होता सिंगल अ‍ॅक्सिस ट्रॅकरवाला, म्हणजे पॅनल दिवसभर सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणारे. कॉलम जुळवले, जीएचआय म्हणजे आडव्या जमिनीवर पडणारं एकूण ऊन, डीएचआय म्हणजे त्यातलं आकाशभर विखुरलेलं, मग तापमान, वारा. इम्पोर्टला पाच मिनिटं लागली, एकही एरर नाही, वर्षाची बेरीज मूळ फाईलशी तंतोतंत जुळली. रिपोर्ट पाठवला.

दोन दिवसांनी तिकडच्या इंजिनिअरचा फोन, अगदी शांतपणे विचारलं त्यांनी, सकाळी नऊला जेवढं उत्पादन दिसतंय त्यापेक्षा दुपारी तीनला बरंच जास्त का आहे? आणि हे एखाद्या महिन्यात नाही, बाराही महिने. आम्ही आधी बॅकट्रॅकिंग (सूर्य खाली असताना पॅनलच्या रांगांची सावली एकमेकींवर पडू नये म्हणून ट्रॅकर मागे वळवणं) तपासलं, मग सावल्या, मग इन्व्हर्टर. सगळं बरोबर. शेवटी पार्टनरने मूळ फाईलमधला एक निरभ्र दिवस काढला, एकही ढग नसलेला, आणि त्याचा ग्राफ सॉफ्टवेअरच्या निरभ्र आकाशाच्या वक्रावर ठेवला. दोन्ही डोंगर सारखेच, उंचीही जवळपास सारखी, फक्त आमचा डोंगर उजवीकडे सरकलेला. अर्धा तास.

झालं असं होतं की त्या फाईलमध्ये ८:०० समोरचा आकडा हा बरोबर आठ वाजताच्या क्षणाचा होता, उपग्रहाने जेव्हा चित्र घेतलं तेव्हाचा. सॉफ्टवेअर मात्र ८:०० म्हणजे आठ ते नऊ या तासाची सरासरी असं धरून चालतं आणि सूर्य कुठे आहे ते साडेआठचं काढतं. म्हणजे ऊन आठचं आणि सूर्य साडेआठचा. सकाळी सूर्य खऱ्यापेक्षा वर मानला गेला आणि दुपारनंतर खाली.

यात बिघडतं काय ते एका ओळीवर दाखवतो. संध्याकाळची वेळ, जीएचआय १८०, डीएचआय ६०, म्हणजे थेट उन्हाचा आडवा भाग १२० वॅट प्रति चौरस मीटर. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असेल तर याला १५ अंशांच्या साइनने भागायचं, थेट ऊन म्हणजे डीएनआय येतो साधारण ४६४. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो, विषुववृत्ताच्या आसपास तर तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणजे अर्ध्या तासाची गफलत झाली की सॉफ्टवेअर त्याला साडेसात अंशांवर धरतं आणि तोच डीएनआय होतो ९१९. जवळपास दुप्पट! सूर्य आणखी खाली गेला तर हा आकडा १३६१ च्याही वर जाऊ शकतो, आणि १३६१ तर वातावरणाच्या बाहेरचं ऊन आहे. ट्रॅकर नेमका संध्याकाळी सूर्याच्या बाजूला कललेला असतो, म्हणजे हे खोटं ऊन तो स्थिर पॅनलपेक्षा जास्त पिऊन टाकतो.

आणि वर्षाची जीएचआयची बेरीज? ती जशीच्या तशी, कारण एकही आकडा बदललेला नाही, फक्त त्याची वेळ चुकली आहे. विषुववृत्ताकडे तोंड केलेल्या स्थिर पॅनलमध्ये सकाळची घट आणि संध्याकाळची वाढ एकमेकांना बऱ्यापैकी झाकून टाकतात, म्हणून असल्या चुका वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाहीत. पूर्व-पश्चिम मांडणी किंवा ट्रॅकर आला की मग उघड्या पडतात. आम्ही क्लायंटला सगळं जसंच्या तसं सांगितलं, रिपोर्ट नव्याने करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ते क्लायंट आजही आमच्याकडेच येतात.

त्या दिवसापासून हवामानाची फाईल हे आमच्याकडे वेगळं काम झालं, त्याचे तास वेगळे धरतो आणि ते एक माणूस पूर्ण वेळ करतो. प्रत्येक स्रोताची वेळ लिहायची आपापली पद्धत असते आणि ती माहीत असल्याशिवाय इम्पोर्टचं बटण दाबायचं नाही. टीएमवाय३ आणि ईपीडब्ल्यू या हवामानाच्या प्रचलित फॉरमॅटच्या फाईलमध्ये तास संपतो त्याची वेळ लिहिलेली असते, म्हणून तिथे तास १ पासून २४ पर्यंत. एनएसआरडीबी या अमेरिकेच्या सौर डेटाबेसच्या तासाच्या फाईलमध्ये मिनिटांचा वेगळा कॉलम असतो आणि त्यात ३० लिहिलेलं असतं, म्हणजे तासाचा मध्य, आणि मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते कारण वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. युरोपियन कमिशनच्या पीव्हीजीआयएस या सौर डेटाच्या वेबसाइटची वेळ युटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि उपग्रहाच्या डेटात ती तासावर काही मिनिटं अशी येते. नासा पॉवर या नासाच्या हवामान डेटाबेसमधून तासाचा डेटा घेताना युटीसी की स्थानिक सौर वेळ हे आपण निवडायचं असतं, ते न बघता डाउनलोड केलं तर मग शोधत बसा. ईआरए५ या युरोपियन हवामान मॉडेलच्या डेटामध्ये तर उन्हाचा आकडा वॅटमध्ये नसतोच, मागच्या तासाभरात साठलेले ज्युल असतात, ३६०० ने भागायचं.

नंतर आमच्याकडे एक मुलगी जॉईन झाली, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली. तिला मी शिकवत होतो की निरभ्र दिवसाचं शिखर बाराला यायला पाहिजे. ती म्हणाली, सर, घड्याळाच्या बाराला कसं येईल? प्लांट टाइम झोनच्या मध्य रेखांशावर थोडाच आहे, एका अंशाला चार मिनिटं, आणि शिवाय वर्षभरात सूर्य स्वतःच घड्याळाच्या पुढेमागे होतो, पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून शिखर बाराला आहे का हे आम्ही बघत नाही, त्या जागेच्या सौर माध्यान्हाला, म्हणजे तिथे सूर्य सगळ्यात उंच असतो तेव्हा, आहे का ते बघतो. सकाळ आणि दुपार माध्यान्हाभोवती आरशासारखी पडली पाहिजे, आणि तेही एक दिवस नाही, प्रत्येक ऋतूतला एक.

सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला ते म्हणजे अर्ध्या तासाचे टाइम झोन. जगात काही ठिकाणची वेळ युटीसीपासून पूर्ण तासांनी नाही तर अमुक तास तीस मिनिटांनी सरकलेली आहे. युटीसीची फाईल स्थानिक वेळेत आणायला लोक ओळीच्या ओळी खाली सरकवतात, पण तासाच्या ओळी अर्ध्या तासाने सरकवणार कशा? फरक साडेपाच तासांचा असेल तर पाच ओळी सरकवल्या की अर्धा तास कमी, सहा सरकवल्या तर अर्धा तास जास्त. आम्ही आता ओळींना हातच लावत नाही, साइटचा झोन आणि मिनिटांमधला फरक सॉफ्टवेअरला सांगतो आणि सूर्याचं गणित त्याला करू देतो.

बाकीच्या भानगडी छोट्या, पण एकेकीने रात्री जागवल्यात. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणारी फाईल. एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी दिवस आणि महिना अदलाबदल झालेल्या तारखा. २९ फेब्रुवारी असलेली ८७८४ ओळींची फाईल, जी ८७६० समजून वाचली की मार्चपासून सगळं एक दिवस मागे. गायब आकड्यांच्या जागी -९९९, तो तापमानाच्या कॉलममध्ये राहून गेला तर महिन्याची सरासरी कोसळते, मॉड्युल थंड म्हणून सॉफ्टवेअर जास्त वीज दाखवतं, आणि जास्त वीज दिसली की शंका कुणालाच येत नाही, म्हणून ही चूक मला जास्त धोक्याची वाटते. आणि डोंगर. पीव्हीजीआयएसमध्ये क्षितिजाची सावली धरून डेटा घेतला आणि इकडे प्रोजेक्टमध्ये तेच क्षितिज पुन्हा टाकलं तर एकाच डोंगराची सावली दोनदा पडते.

जमिनीवर मोजलेला डेटा आला की आम्हाला आनंद होतो पण विश्वास लगेच ठेवत नाही. पायरॅनोमीटर म्हणजे ऊन मोजणारं उपकरण आयएसओ ९०६० या मानकाप्रमाणे कुठल्या क्लासचा आहे हे विचारतोच, पण त्याच्या काचेचा घुमट कोण आणि किती दिवसांनी पुसतं हे त्याहून आधी विचारतो. लॉगरचं घड्याळ हळूहळू पुढे जातं, किंवा जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे कुणीतरी लॉगरचंही पुढे केलेलं असतं. मार्चचा निरभ्र दिवस जागेवर आणि जुलैचा तासभर सरकलेला दिसला की समजायचं.

आता आम्ही सहा जण आहोत. फाईल वाचायला पीव्हीलिब या सोलरच्या गणितांच्या मोफत लायब्ररीवर लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत, जीएचआय, डीएचआय आणि डीएनआयचा मेळ लागतो का ते आपोआप तपासलं जातं, पण निरभ्र दिवसाचा ग्राफ अजूनही माणूसच बघतो आणि बघणाऱ्याचं नाव रिपोर्टच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. सध्या काम वाढतंय ते १५ मिनिटांच्या डेटाचं, कारण तासाच्या सरासरीत ढगांमधून अचानक आलेलं कडक ऊन बुजून जातं आणि इन्व्हर्टरचं क्लिपिंग, म्हणजे त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आलेली आणि वाया गेलेली वीज, खऱ्यापेक्षा कमी दिसतं. परवाच अशी एक फाईल आली, ३५०४० ओळी, हेडरमध्ये वेळेबद्दल एक अक्षर नाही. त्या मुलीनेच, आता आमची सिनियर आहे ती, निरभ्र दिवस काढला, वक्र १५ मिनिटं उजवीकडे होता, म्हणजे वेळ प्रत्येक १५ मिनिटांच्या शेवटची लिहिलेली. तिने डेटा देणाऱ्यांना मेल करून तसं विचारलंय, त्यांचं उत्तर लेखी येईपर्यंत सिम्युलेशन थांबवून ठेवलंय.