आमची वाटचाल : फळीचं टोक बघून

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. वर्षभर वाट पाहून त्यांनी घोडपदेवला गाळा भाड्याने घेतला. दोन रंधे, तीन करवती आणि पटाश्यांची पिशवी एवढंच भांडवल. पाट, देव्हारे, चाळीतल्या खोल्यांचे पोटमाळे यांवर पहिली वर्षं निघाली. रे रोडच्या लाकूडबाजारातून फळ्या हातगाडीवर यायच्या, आणि शाळा सुटली की गाडीला मागून हात लावायला मी.

बाजारात बाबा फळीची रुंद बाजू शेवटी बघायचे. आधी उकिडवे बसून कापलेलं टोक बघायचे. बोट ओलं करून त्यावर फिरवलं की झाडाच्या वाढीची वलयं उठून दिसतात. वलयं आडवी, कमानीसारखी असतील तर रुंद बाजूवर डोंगरासारखी चढत गेलेली नक्षी मिळते. वलयं उभी असतील तर नुसत्या सरळ रेषा. गिऱ्हाइकाचा जीव नक्षीवर जातो, आणि ती सुंदर असतेच. पण लाकूड वलयांच्या बाजूने जेवढं फुगतं-आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्यांना काटकोनात. म्हणून नक्षीची फळी वाळताना वाटीसारखी वाकायला बघते, सरळ रेषांची जागेवर राहते. मुंबईत तर चार महिने दमट पावसाळा आणि नंतर एसीची कोरडी हवा, लाकडाला स्वस्थता नाहीच.

हे मला ऐकून माहीत होतं, कळलं १९९६ साली. ऑगस्टमध्ये दादरच्या एका कुटुंबासाठी सहा जणांचं जेवणाचं टेबल केलं. रुंद, भरगच्च नक्षीच्या फळ्या मीच निवडल्या होत्या. त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या, आणि वरचा तक्ता मी खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळून टाकला. जानेवारीत फोन आला. तक्त्याच्या मधोमध करंगळीचं नख जाईल एवढी फट पडली होती. बाबांनी टेंपो करून टेबल परत आणलं आणि नवा तक्ता करून दिला, एक पैसाही न घेता. त्या वर्षी ते आम्हाला अजिबात परवडणारं नव्हतं. नव्या तक्त्याखाली स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे लाकडाला सरकायला वाव. आज आमच्या प्रत्येक टेबलाखाली त्या खाचा असतात, आणि ओलावा मोजायचं यंत्र १२ ते १४ टक्के दाखवेपर्यंत फळीला करवत लागत नाही.

रेषा कुठे वापरायची हेही ठरलेलं आहे. नक्षीची फळी कपाटाच्या दारात, खाचेत मोकळी बसवून. खुर्चीच्या पायाला मात्र वरपासून खालपर्यंत सरळ रेषच हवी. रेषा तिरकी होऊन कडेला बाहेर पडली की पाय तिथूनच मोडतो.

एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि बर्मा साग हाताबाहेर गेला. तेव्हापासून आम्ही बल्लारशाकडचा साग आणि पाडलेल्या चाळींतलं जुनं लाकूड घेतो. लागवडीतला कोवळा सागही बाजारात भरपूर मिळतो. त्याची वलयं रुंद असतात आणि सालीलगतचा पांढरा भाग जास्त. तो भाग भुंग्याला आवडतो, म्हणून आम्ही तो कापून टाकतो, भाव वाढला तरी. शिसवीचा रंग राजेशाही, पण तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, रंधा कुठूनही मारा, ढलप्या उडतात. पातं सारखं परजावं लागतं. आंब्याचं लाकूड मला मनापासून आवडतं, काय रंग उतरतात त्यात! मात्र कीडरोधक प्रक्रिया केल्याशिवाय ते आम्ही देत नाही, आणि मोरीजवळच्या कपाटाला तर मुळीच नाही.

परवा चिंचपोकळीच्या एका कुटुंबाने पाडलेल्या खोलीची चौकट आणून दिली. त्यातून देव्हारा करायचा आहे. वर रंगाचे किती थर! रंधा पाच-सहादा फिरला तेव्हा आतून रेषा निघाल्या, मोजता येणार नाहीत इतक्या जवळ जवळ. वरच्या आडव्या लाकडात खिळ्यांची भोकं होती, प्रत्येकाभोवती लोखंडाचा काळा डाग. "हे तासून काढू का?" असं मी विचारलं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "तोरणाचे खिळे होते ते. राहू द्या."