कोतवाल बुकातल्या एका पानासाठी

माझे चुलत आजोबा १९४४ साली अंबाल्याला हार्वर्ड विमानावर उड्डाण शिकताना अपघातात गेले. लग्न व्हायचं होतं, मागे कुणी नाही. महायुद्धांत गेलेल्या कॉमनवेल्थ देशांच्या सैनिकांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं आणि ते लगेच सापडले. शोध मोफत आहे. नाव कोरलंय सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर. पण नोंदीत आईवडील नाहीत, गाव नाही. ते घालून घ्यायचंच, असं ठरवलं. कमिशन अशी भर घालतं, फक्त कागदोपत्री पुरावा मागतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सहज मिळाला. अडलं ते जन्मनोंदीपाशी. गाव ठाणे तालुक्यातलं, म्हणजे कोतवाल बुकाची, गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल हवी. अभिलेख कक्षात आधी मृत्यूचा दाखला मागितला. अहो, जन्माच्या नकलेला मृत्यूचा दाखला कशाला? आणि मृत्यू अंबाल्याचा, त्याची नोंद ठाण्यात कशी असेल? मग बुक जीर्ण आहे, मग संबंधित कर्मचारी रजेवर, मग साहेब मीटिंगला. शेवटी, "मोडी लिपीत आहे, आमच्याकडे वाचणारं कुणी नाही." वर एकाने विचारलं, "लढाईत नाही ना गेले? मग एवढं कशासाठी?"

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैन्यसेवेत असताना जो गेला, त्याला कमिशन युद्धातला मृतच मानतं. मग गोळी लागो, आजार होवो की सरावाचं विमान कोसळो. हे मी तिथेच मोठ्याने सांगितलं.

तोंडी विचारत बसू नका. गाव आणि अंदाजे साल घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. "आढळत नाही" म्हणाले तर तेही लेखी मागा. मी हे केल्यावरच बुक बाहेर आलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानभर आधी आखलेल्या रेघेला लटकलेली अक्षरं, आणि त्यात पणजोबांचं नाव शाबूत! पुराभिलेख संचालनालयाची मोडीची परीक्षा दिलेल्या एका बाईंनी लिप्यंतर करून सही दिली, ते चाललं.

कमिशनच्या नोंदीत आता आईवडील आणि गाव दिसतं. सिंगापूरला कुणी जाणार असेल तर नोंदीतला स्तंभ क्रमांक आधी लिहून घ्या. तिथे चोवीस हजारांवर नावं आहेत.